न चालवलेल्या गाडीचं गरम इंजिन

दालात या डोंगरी गावात माणसं बाहेरून घरी आली की स्वेटर चढवतात. बाहेर डोंगरावरचं कोवळं ऊन असतं, जिथे तिथे फुलं असतात, आणि उकाड्याने हैराण झालेले सायगॉनचे लोक ती हवा खायला बस भरभरून येतात. घरात मात्र गार फरशी, गार भिंती, आणि छपराच्या फटींतून अलगद उतरणारं धुकं. एवढी गोड हवा, तिला शेगडी कशाला, असं म्हणत घरं बांधणाऱ्यांनी थंडीचा विचारच केला नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या माणसं रात्री कुडकुडत राहिली आणि सकाळी दारात येऊन ऊन खात बसली.

थोआच्या घरात ऊब देणारी एकच वस्तू होती, तिच्या नवऱ्याची जुनी लाल मोटारसायकल. तान फुलं वाहायचा. पॉलिहाऊसमधले शेवंतीचे भारे मागच्या लोखंडी सांगाड्यावर बांधायचे आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवायचे, हा त्याचा जन्माचा धंदा. रात्री गल्लीतल्या सगळ्यांसारखीच त्याचीही गाडी बाहेरच्या खोलीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उभी असे. पहाटे तो लोखंडी दरवाजा अर्धा सरकवायचा, गाडी सुरू करायचा, थंडीने आखडलेलं इंजिन सैल होईपर्यंत वाट बघायचा आणि निघून जायचा. तो गेला की थोआ हातपाय धुऊन त्याच खोलीत जपाला बसायची. चार वाजताचा तिचा नेम. बाळंतपण सोडलं तर तीस वर्षांत तो मोडला नव्हता. महिन्यातले दहा दिवस शाकाहार, पौर्णिमा-अमावास्येला देऊळ, आणि रोज पहाटे चारला अमिताभ बुद्धाच्या नावाचा जप.

तान गेला तेव्हा तिला कळलं की इतकी वर्षं आपण बसत होतो ती खोली जराशी कोमट असायची. पेट्रोलच्या वासाची, पण कोमट. आता ती नुसतीच गार होती.

त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला मुलगी, उयेन, सायगॉनहून यायची होती, आणि नुसती जेवायला नव्हे. "मा, या वेळी मला उत्तर हवंय," तिने फोनवर सांगून ठेवलं होतं. "तू आणि आजोबा माझ्याकडे या. इथे पंखा लावून झोपावं लागतं, स्वेटर नाही. आजोबांचे गुडघे त्या घरात किती दिवस टिकतील?"

आजोबा म्हणजे थोआचे सासरे, होआन. ऐंशी ओलांडलेले. बाहेरच्या खोलीलगत पडद्याआड त्यांची छोटी खोली होती. थोआने त्यांना विचारलं होतं, "बा, काय करायचं?" त्यांनी चहाचा घोट घेऊन सांगितलं, "तू म्हणशील ते." मग त्यांनी गुडघे चोळले.

म्हणून एका संध्याकाळी थोआने तानच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि त्यालाच विचारलं, "अहो, जाऊ की राहू? काहीतरी कळवा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाहेरच्या खोलीत आली. देव्हारा पुसला आणि रोजच्यासारखा गाडीवरूनही फडका फिरवला. फडका इंजिनापाशी आला आणि तिने हात मागे घेतला. इंजिन गरम होतं.

ती तशीच उभी राहिली. गाडीची किल्ली खिळ्याला होती. दरवाजाला आतून कुलूप होतं. पडद्याआड सासरे घोरत होते. तिने पुन्हा हात लावला. गरमच होतं, तान घरी येऊन गाडी लावायचा तेव्हा असायचं तेवढं. खोलीला तोच जुना वास होता, आणि कितीतरी महिन्यांनी फरशी तळव्यांना चावत नव्हती.

जपात तिचं लक्ष लागेना. जपाच्या लाकडी ठोकळ्यावर ठोके पडत होते, तोंडाने नाम चाललं होतं, आणि मन एकाच ठिकाणी येऊन अडत होतं. उत्तर आलं हे खरं, पण काय आलं? गाडी तापवून ठेवली आहे, आता नीघ, असं? की मी इथेच आहे, खोली ऊबदार ठेवतोय, राहा, असं?

तिसऱ्या दिवशीही इंजिन गरम. चौथ्या दिवशीही. ती कुणाला बोलली नाही. अशा गोष्टी बोलल्या की जातात, असं तिची आई म्हणायची. पण पोटात ठेवून ठेवून किती ठेवणार? शेवटी सकाळी सोयाबीनचं गरम दूध घ्यायला समोरच्या टपरीवर गेली तेव्हा सातव्या मावशीपुढे तिचं तोंड उघडलं. मावशी आईबापांची सातवी, म्हणून साऱ्या गल्लीची सातवी मावशी. तिचं खरं नाव बहुधा तिलाही आठवत नसावं.

"गरम म्हणजे कसं गरम?" मावशीने पळी हातात धरूनच विचारलं. "उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं, की ताप आलेल्या माणसासारखं?"

"नुकत्याच आलेल्या गाडीसारखं."

"मग तान येतोच म्हणायचा. जिवंतपणी फुलांपायी बायकोजवळ बसायला वेळ नव्हता, आता सवड मिळाली."

"थट्टा नको मावशी. मला भीती नाही वाटत. पण तो म्हणतोय काय, तेच कळत नाही."

"नाणी टाक की. विचार सरळ."

थोआने त्या संध्याकाळी नाणी टाकली. देव्हाऱ्यातली दोन जुनी नाणी बशीत टाकायची, एक छापा एक काटा आला तर होकार, दोन्ही सारखे आले तर नकार, ही घराची रीत. तिने विचारलं, गाडी तुम्हीच तापवता का? होकार. इथे राहू का? होकार. तिचं मन हलकं झालं. मग खात्रीसाठी तिने विचारलं, उयेनकडे जाऊ का? पुन्हा एक छापा, एक काटा.

ती बशीकडे बघत बसली. तसा जिवंत असतानाही तान असाच होता. दोन्ही बाजूंना हो म्हणायचा आणि गाडी काढून निघून जायचा.

अमावास्येच्या दिवशी ती तानच्या गाडीवरून देवळात निघाली आणि अर्ध्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. टाकीत पेट्रोल नव्हतं. टाकी भरून आठवडाही झाला नव्हता, आणि त्यानंतर ती फार तर दोनदा बाजारात गेली होती. अंगावर जाकीट, हातमोजे, तोंडावर फडकं, डोक्यावर हेल्मेट, अशा अवतारात गाडी ढकलत ती परत आली तेव्हा मावशीने आधी ओळखलंच नाही.

"कोण गं तू? माझ्या दारात गाडी लावू नकोस."

थोआने तोंडावरचं फडकं खाली केलं.

"अगं बाई, तू होय. काय झालं?"

"पेट्रोल संपलं. आणि मावशी, हे बघा. किलोमीटरचे आकडे माझ्या दोन फेऱ्यांपुरतेच पुढे गेलेत. बाकी गाडी कुठे गेलीच नाही."

मावशीने वाकून आकडे पाहिले, मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावली.

"म्हणजे पिते भरपूर आणि हलत नाही जागची. माझ्या धाकट्या जावयासारखी."

थोआला हसू आलं नाही. "मेलेल्या माणसाला पेट्रोल लागतं का हो?"

"मला काय माहीत? आपण त्यांच्यासाठी कागदाचे कपडे जाळतो, कागदाची घरं जाळतो. पेट्रोल मात्र कुणी जाळल्याचं ऐकलं नाही." मावशी जरा गंभीर झाली. "पोरी, तुझा चेहरा का असा झालाय? रंग बघ. झोपतेस ना नीट?"

झोप लागत होती. डोकं मात्र हल्ली सकाळपासून जड असायचं. जपाच्या वेळी कधी कधी सगळं हलकं हलकं होई, दिव्याची ज्योत मोठी दिसे, आणि थोआच्या मनात येई की इतक्या वर्षांच्या नेमाला आता कुठे फळ धरतंय. सासरेही दोन दिवस डोकं धरून बसले होते. तिने त्यांना आल्याचा काढा दिला होता. "थंडी आहे, बा," ती म्हणाली होती. "हो, थंडीच," ते म्हणाले होते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी थंडी खरोखरच कडक पडली. पहाटे थोआ उठली तेव्हा मागच्या मोरीतलं पाणी हाताला सुयांसारखं लागलं. गल्लीत नेहमीप्रमाणे फुलवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या गाड्या धडधडत होत्या. त्या वेळी आवाज कुठल्या घरातून येतो आणि कुठल्या दारातून जातो, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ती बाहेरच्या खोलीत आली आणि तिला प्रसन्न वाटलं. एवढी ऊब तिथे कधीच नव्हती. दरवाजाखालच्या फटीत कुणीतरी जुनी पोती कोंबली होती, तेही तिने पाहिलं, आणि पाहूनही त्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला नाही.

ती बसली. घंटेचा टोला दिला. ज्योत मोठी झाली, मग दोन झाल्या. नाम कुठवर आलं होतं ते तिला आठवेना. ठोकळ्यावरचा हात आपला नाहीच असं वाटलं, आणि मग फरशी गालाला लागली. छान कोमट होती.

त्यानंतरचं तिला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. घोरणं एकदम थांबलं. पडद्याची कडी खणकन पडली. कुणीतरी तिच्या काखेत हात घालून ओढत होतं, खोकत होतं, "पोरी, पोरी" करत होतं. लोखंडी दरवाजा कर्कश सरकला आणि अंगावर धुकं आदळलं.

शुद्धीवर आली तेव्हा ती दारातल्या सिमेंटच्या उतारावर पडली होती, गाडी जिथून आत चढवतात तिथे. शेजारी सासरे, पायात चप्पल नाही, अंगात नुसता सदरा. ज्यांना संडासापर्यंत जायला काठी लागायची, त्यांनी तिला इथवर ओढत आणलं होतं.

थोआला ओकारी आली. मग ती भिंतीला टेकून बसली. पहिली गोष्ट तिच्या तोंडून निघाली ती अशी, "बा, स्वेटर घाला."

"घालतो," ते म्हणाले आणि हलले नाहीत.



"तुम्ही?" तिने विचारलं.

"बटण दाबलं की सुरू होते गाडी. लाथ मारावी लागत नाही. किल्ली पुन्हा खिळ्याला लावायची, तुझी मोरीतली बादली वाजली की पडद्याआड जायचं. एवढंच." ते आपल्या पायांकडे बघत बोलत होते. "आणि घोरायचं."

"पण का, बा?"

"तुझे दात वाजायचे." त्यांनी नाक पुसलं. "तान होता तेव्हा जप नीट ऐकू यायचा. यंदा जप कमी आणि दात जास्त. मला वाटलं, अशीच चालली तर ही आजारी पडेल, मग उयेन येईल आणि घेऊन जाईल. तान रोज करायचा तेच तर केलं मी."

"ते दरवाजा उघडा ठेवायचे."

"उघडा ठेवला तर ऊब राहील कशी?" त्यांनी खरोखरच न कळून तिच्याकडे पाहिलं. "आणि तुला ऐकू गेलं असतं."

थोआला रागवायचं होतं. पण ज्या इंजिनाला हात लावून तिने मनातल्या मनात नमस्कार केला होता, ज्या ज्योतीत तिला नेमाचं फळ दिसलं होतं, तो सगळा धूर होता. तान काहीच बोलला नव्हता. मग नाण्यांनी हो कसं म्हटलं? आणि तिला मिळालेलं उत्तर आता खोटं ठरलं, की सांगणारा तेवढा दुसरा निघाला? त्या थंडीत तिचं डोकं यापुढे चालेना.

सातवी मावशी समोरून चूल पेटवायला बाहेर आली, दोघांना पाहून पळत आली आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाळाला हात लावून उतारावरच बसली.

"भूत बरं होतं," ती म्हणाली. "भुताला निदान अक्कल असते."

दुपारी डॉक्टरांनी दोघांना तपासलं, घरी सोडलं आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवायला बजावलं. संध्याकाळी उयेन उतरली, आणि तिला घरी पोचायच्या आधीच मावशीकडून सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक शाकाहारीच होता. चिकट भात, मश्रूम घातलेलं टोफू, भाज्यांचा रस्सा. गल्लीतली चार माणसं जेवून गेली. शेवटचा पाहुणा उतारावरून खाली गेल्यावर उयेनने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बोलायला सुरुवात केली.

"मा, मी रागावत नाहीये. मला फक्त सांग, अजून कशाची वाट बघायची? पुढच्या वर्षी मी तुमचं वर्षश्राद्ध करायला आले असते, दोघांचं."

"असं बोलू नये," थोआ हळू म्हणाली.

"मग कसं बोलू? आजोबा, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला काय हवंय? तू म्हणशील ते, असं म्हणायचं नाही."

होआन आजोबांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "सायगॉनला माझे गुडघे दुखणार नाहीत," ते म्हणाले. "ते खरं आहे. पण तिथे मी दिवसभर काय करू? इथे उन्हात बसलं की जाणारा येणारा प्रत्येक जण आधी माझ्या गुडघ्यांना विचारतो, मग मला."

"म्हणजे राहायचंय."

"मी असं म्हटलं नाही. थंडी मला आवडत नाही."

उयेनने आईकडे पाहिलं. "झालं. बाबांना विचारू या, टाक नाणी."

थोआने बशी पुढे ओढली, नाणी हातात घेतली. गार होती. तानला तिने आयुष्यात हजार गोष्टी विचारल्या होत्या आणि त्याने प्रत्येकीला हो म्हटलं होतं. मग तिने नाणी न टाकता पुन्हा बशीत ठेवली.

"राहू या आपण," ती म्हणाली.

"का?"

थंडी होती, घर जुनं होतं, मुलगी खरं तेच बोलत होती. तानने कळवलं म्हणून, असं म्हणायची सोय आता उरली नव्हती. "मला राहायचंय," एवढंच तिने म्हटलं, आणि म्हटल्यावर तिलाच ते वाक्य परकं वाटलं. अशी वाक्यं तिने फारशी केली नव्हती.

"आणि पहाटे? तू गारठणार, आजोबा पुन्हा काहीतरी पेटवणार. मी ओळखत नाही का त्यांना?"

"गाडी बाहेर छपरीत लावू. किल्ली रात्री मावशीकडे राहील."

"आणि तुझा जप? मा, माझ्या लग्नाच्या दिवशी तू चारला उठली होतीस. तापात उठली होतीस. बाबा गेले त्या पहाटेसुद्धा."

थोआने मान खाली घातली. हे वाक्य बोलायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. "चारला नाही बसणार. ऊन दारात आलं की बसेन. दरवाजा उघडा टाकून."

"चालतं असं?" उयेनने विचारलं, आता जरा मऊ आवाजात.

"माहीत नाही," थोआ म्हणाली. "देवळात विचारायला हवं. पण विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर? म्हणून आधी बसते, मग विचारते."

उयेन दोन दिवसांनी परत गेली. जाताना तिने आजोबांच्या खोलीत जाड गादी टाकली, छपराच्या फटी बुजवायला माणूस ठरवला, आणि "उन्हाळ्यापर्यंत बघू" असं म्हणाली. ते होकाराचं होतं की धमकीचं, ते थोआला उमगलं नाही.

त्या सकाळी ऊन उतार चढून उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा थोआने चटई पसरली. समोर गाड्या येत-जात होत्या. शाळेची पोरं दोन-दोन, तीन-तीन बसून चालली होती. टपरीवरून सातवी मावशी ओरडून विचारत होती, दूध आता आणू की नाम झाल्यावर. अंगावर ऊन होतं, दात वाजत नव्हते, आणि तरी थोआला कसंतरीच वाटत होतं. भर उजेडात, साऱ्या गल्लीसमोर अंघोळीला बसल्यासारखं. नाम आपल्या तोंडचं वाटेना. हॉर्नच्या मागून ठोका पडे, ठोक्याच्या मागून नाम.

सासरे शेजारी खुर्ची ओढून बसले, पाय उन्हात पसरून. थोड्या वेळाने त्यांनी खाकरून तिला थांबवलं.

"काय बा?"

"मधला भाग गाळलास."

"नाही गाळला."

"गाळलास. एका पडद्याआडून इतकी वर्षं ऐकतोय मी. क्वान आम मातेचं नाव आलंच नाही अजून."

थोआने आठवून पाहिलं. आलं होतं असं तिला वाटत होतं. नसेलही आलं. समोरून एक गाडी शेवंतीचे भारे घेऊन गेली, आणि आपण कुठवर पोचलो होतो हे तिला मुळीच सांगता येईना. तिने खांद्यावरची शाल सारखी केली, ठोकळा जवळ ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.